सगळ्यांचे कान सारखेच

तो माणूस प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालत होता.

आणि घालत होता तेही किती मनापासून! आधी कुंडीच्या कडेकडेने, मग मधोमध, मग दोन थेंब पानांवर. शेवटी एक पान त्याने बोटांनी हलकेच पुसलंसुद्धा.

हॉस्पिटलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये ती थबकली. हातात आत्यासाठी आणलेला सूपचा डबा, केसांत नेहमीसारखी खोचलेली पेन्सिल. तिने डोळे बारीक करून नीट पाहिलं. झाड प्लास्टिकचंच होतं. एका पानावर किमतीची चिठ्ठीही अजून चिकटलेली होती.

"खतही घालता का?" तिने विचारलं.

तो इतका दचकला की बाटली हातातून निसटता निसटता राहिली.

"हळू बोला! सात नंबरच्या बाई ऐकतील."

"ऐकल्या तर?"

"त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय," तो कुजबुजला. "चालायचं नाव काढलं की डोळे मिटून घ्यायच्या. एके दिवशी दारातून त्यांना हे झाड दिसलं. म्हणाल्या, त्या बिचाऱ्याला कुणी पाणी घालतं की नाही? मी म्हटलं, तुम्हीच येऊन बघा. तेव्हापासून रोज संध्याकाळी वॉकर घेऊन इथवर येतात आणि कुंडीतल्या मातीत बोट घालून बघतात. कोरडी लागली, की माझी खैर नाही."

"पण हे प्लास्टिकचं आहे."

"ते त्यांना कुठे माहीत आहे!"

"सात नंबरच्या बाई," ती शक्य तितका गंभीर चेहरा करून म्हणाली, "माझी आत्या आहे."

त्याचे कान चांगले मोठे होते, डोक्यापासून जरा फटकून उभे. माणूस लाजला की आधी त्याचा चेहरा लाल होतो. याचे आधी कान लाल झाले, चेहरा मागाहून.

"सांगणार नाही ना त्यांना?"

"विचार करते... तोवर ती किंमत तेवढी काढा. आत्याला दिसली तर म्हणेल, महाग घेतलंत."

तो फिजिओथेरपिस्ट होता. म्हणजे ऑपरेशननंतर जे गुडघे, खांदे आणि मनगटं आपल्या मालकाचं ऐकेनाशी होतात, त्यांना समजावून पुन्हा कामाला लावणारा. समजावताना तो सतत एकच शब्द वापरायचा. पाय उचला, हळूहळू. हात वर, हळूहळू. त्यामुळे सगळा वॉर्ड त्याला 'हळूहळू' म्हणत असे. हे नाव अर्थात आत्याने ठेवलेलं. ती प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाली तरी माणसांना नावं ठेवण्याचा तिचा हक्क काही निवृत्त झाला नव्हता. भाचीला ती 'पेन्सिल' म्हणायची. भाची मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची आणि केसांतली पेन्सिल घरभर शोधत फिरायची.

"हळूहळू, ही माझी पेन्सिल," आत्याने ओळख करून दिली. "हिला तुझं ते पोस्टर दाखव."

"कशाला, बाई... ते अजून व्हायचंय."

"दाखव म्हटलं ना. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या मुलाचं पुढे काय होतं, मी पाहिलंय. फिजिओथेरपिस्ट होतो."

त्याने घडी केलेला कागद उलगडला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'झाड दिसलं की बरं वाटतं'. खाली एक चित्र होतं.

तिने ते डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"हा... झाडू आहे का? उलटा ठेवलेला?"

"झाड आहे."

"आणि हा बटाटा?"

"तो पेशंट आहे. खुर्चीत बसलाय."

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला कळलं की आत्याही पांघरुणाआड गदगदत आहे. तो मात्र रागावला नाही. कान लाल करून उभा राहिला आणि म्हणाला, "हसा, पण जरा माझ्याबरोबर या."

व्यायामाची खोली तळमजल्यावर होती. पांढऱ्या ट्यूबलाइट, राखाडी भिंती, भिंतीवर गुडघ्याच्या आतला भाग दाखवणारं एक भयंकर चित्र. आणि एका भिंतीला जुन्या फायलींची तीन लोखंडी कपाटं.

"कपाटांच्या मागे बघा."

तिने फटीतून पाहिलं. मागे खिडकी होती, चांगली रुंद, दोन झडपांची. काचेवर धूळ साचली होती, तरी पलीकडे काहीतरी हिरवं हलत होतं.

"मागच्या अंगणात कागदी लिंबाचं झाड आहे," तो म्हणाला. "ही खिडकी उघडी असती ना, तर मला कुणाला हात वर करा म्हणावं लागलं नसतं. फांदीवर काय बसलंय ते बघायला माणूस आपोआप मान वळवतो. मी वाचलंय यावर पुष्कळ. पण वाचण्याचं जाऊ द्या. तुमच्या आत्याच बघा. एका प्लास्टिकच्या कुंडीसाठी चालत जातात! खरं झाड असतं तर?"

पहिल्यांदाच तो एवढं सलग बोलला होता.

"मग कपाटं हलवा की."

"व्यवस्थापकसाहेब खिडकी विटांनी बुजवणार आहेत. म्हणजे भिंतीला कायमचे कप्पे करता येतील. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, हॉस्पिटलची पाहणी करायला समिती येणार आहे, ती यायच्या आत एक चांगलं पोस्टर करून पटवून दे, मग बघू." त्याने हातातल्या कागदाकडे पाहिलं. "आणि माझ्याकडे हा झाडू आहे."

ती फटीतून अजून बघत होती. मग तिने केसांतली पेन्सिल काढली.

"झाड केवढं हवं?"

"खिडकीएवढं," तो लगेच म्हणाला. "पार दाराशी बसलेल्यालासुद्धा दिसलं पाहिजे."

मग रोज संध्याकाळी, आत्याची भेट संपली की ती तळमजल्यावर येऊ लागली. जमिनीवर मोठा कागद पसरायचा, ती त्यावर गुडघे टेकून बसायची आणि तो तिच्या गुडघ्यांना ताण पडतो म्हणून खाली उशी सरकवायचा. कागदाच्या मधोमध लिंबाचं झाड उगवलं. त्याच्याभोवती बाकावर बसलेला पेशंट, कुबड्या टेकून फुलं बघणारी बाई, चेंडू झेलणारं मूल, पाणी घालणारा माळी, हात उंचावून फांदी धरणारे आजोबा, अशी सगळी मंडळी यायची होती.

अडचण एकच होती. ती सुंदर माणसं काढायची, आणि त्याला त्यांचे सांधे पटायचे नाहीत.

"यांचा खांदा असा फिरला तर हे उद्या माझ्याकडे येतील."

"अहो, हे चित्र आहे."

"म्हणून काय दुखणार नाही? थांबा, मी करून दाखवतो."

आणि तो उभा राहायचा. हात वर करून आजोबा व्हायचा, वाकून माळी व्हायचा, काठी घेऊन कुबड्यांवरची बाई व्हायचा. एकदा तर मूल होऊन त्याने चेंडू झेलायला उडी मारली आणि तो कपाटावर आपटला. ती पोट धरून हसली.

"लागलं?"

"नाही... म्हणजे, हो. पण तुम्ही हसा. तुम्ही हसलात की—"

"की?"

"काही नाही. तुमचे खांदे सैल होतात. ते चांगलं असतं. खांद्यांना."

"खांद्यांना," ती म्हणाली.

"हो. फक्त खांद्यांना." आणि त्याने चेंडू उचलायला खूप वेळ लावला.

सांधे ती तिथे काढायची. चेहरे घरी, निवांत, आठवून आठवून रंगवायची.

पोस्टर पुरं झालं तेव्हा तिने ते आधी आत्याच्या पलंगावर पसरलं. आत्याने चष्मा लावला. मुलांच्या वह्या तपासायच्या जुन्या सवयीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. बोट माळ्यापाशी थांबलं. मग आजोबांपाशी. मग कुबड्यांवरच्या बाईपाशी.

"पेन्सिले."

"काय?"

"यांच्यात काही नातं आहे का?"

"कुणाच्यात?"

"या सगळ्यांच्यात. नाही, कान एकाच घराण्यातले दिसतात म्हणून विचारलं."

तिने वाकून पाहिलं, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. माळ्याचे कान मोठे, फटकून उभे. आजोबांचे तसेच. मुलाचे तसेच. कुबड्यांवरच्या बाईने केस कानामागे घेतले होते, आणि मागे घ्यायला कानही चांगले ऐसपैस होते.

"आत्या! हे कसं झालं?"

"मला काय विचारतेस? माझ्या वर्गातली मुलंही असंच करायची. कुणी आवडायला लागलं की वहीभर त्याचंच नाव. तू शिकलेली, तू कान काढलेस."

"मी आत्ता बदलते!"

"बदल की."

पण तेवढ्यात तो आला. पोस्टरवर वाकला. त्याने एकेक माणूस निरखला. अखेर मान डोलावली.

"गुडघे अप्रतिम आले आहेत," तो म्हणाला.

आत्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

साहेबांना पोस्टर बेहद्द आवडलं, आणि घोटाळा तिथेच झाला.

साहेब वाईट माणूस नव्हते. नीटनेटके होते. टेबलावरच्या टाचण्यासुद्धा एका दिशेला तोंड करून ठेवत. ते पोस्टरसमोर एक पाऊल मागे गेले, एक पाऊल पुढे आले, चष्मा काढला, पुसला, लावला.

"वा! काय झाड आहे! नुसतं बघून थंड वाटतंय. पटलं, मला अगदी पटलं. पेशंटला झाड हवंच."

त्याने आनंदाने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे.

"आणि एवढं छान झाड घरातच आल्यावर बाहेरच्याची गरज काय?" साहेब पुढे म्हणाले. "याला पानगळ नाही, किडे नाहीत, खिडकीतून पाऊस आत यायची भानगड नाही. खिडकी बुजवली की त्याच भिंतीवर हे लावू. समिती येईल त्याच दिवशी सकाळी गवंडी बोलावतो."

दोघे बाहेर कॉरिडॉरमध्ये आले.

"तुमचं चित्र जरा वाईट असतं," तो म्हणाला, "तर बरं झालं असतं."

असं बोलायला नको होतं हे त्याला लगेच कळलं, पण शब्द निघून गेला होता.

"वाईट हवं होतं, तर तुमचा झाडूच लावायचा होता!" तिने पोस्टरची गुंडाळी काखेत मारली. "आणि सगळे सांधे तपासलेत ना तुम्ही? बाकी काही दिसलं का कधी त्या चित्रात?"

"बाकी म्हणजे?"

"काही नाही!"

ती गेली. तो तिथेच उभा राहिला, आणि एवढा वेळ उभा राहिला की प्लास्टिकच्या झाडाला पाणी घालायचं राहून गेलं.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी ती आत्यापाशी आली ती फुरंगटूनच.

"दोन दिवस झाले, त्या कुंडीची माती कोरडी आहे," आत्या म्हणाली. "पोरगं जेवतंय ना नीट?"

"आत्या, ते झाड प्लास्टिकचं आहे!" ती भडकली. "तुला सगळे फसवतायत. मीसुद्धा."

"अगं, ठाऊक आहे मला."

"काय?"

"शाळेच्या नाटकांत मी जंगलं उभी केली आहेत त्या झाडांची. पहिल्याच दिवशी ओळखलं."

"मग रोज माती कशाला तपासायचीस?"

"तो एवढ्या मायेने पाणी घालायचा. म्हटलं, कुणी बघायलाच गेलं नाही तर हिरमुसेल बिचारा. म्हणून जायचे." आत्याने पाय सरळ केला, वाकवला. गुडघा आता बराच शहाण्यासारखा वागत होता. "पण खरं सांगू? आता कंटाळा आला. त्या पानाला हात लावला की ताटाला हात लावल्यासारखं वाटतं. चित्रातलं तुझं झाड सुंदर आहे गं, पण त्याचं पान हलत नाही. वासही नाही."

गुंडाळी उलगडून तिने पोस्टर पलंगावर पसरलं आणि मधल्या झाडाकडे पाहत राहिली. एकेक पान तिने किती जपून रंगवलं होतं. आजवर तिने काढलेलं हे सगळ्यात चांगलं झाड होतं.

"आत्या," ती सावकाश म्हणाली, "इथे कात्री कुणाकडे मिळेल?"

"नर्सकडे. बँडेज कापायची. का गं?... अगं, नको! पेन्सिले!"

पण पेन्सिलने कात्री आणलीसुद्धा.

सकाळी गवंडी आला. त्याला जागा करून द्यायला साहेबांनी स्वतः उभं राहून तिन्ही कपाटं हलवून घेतली आणि ते समितीला आणायला गेले. भिंतीपाशी विटांची चळत, सिमेंटचं घमेलं. आणि कित्येक वर्षांनी खोलीत उघडी पडलेली ती धुळकट खिडकी. समोरच्या खुर्च्यांवर पेशंट मंडळी, त्यांत आत्याही, गंभीर बसली होती, एखाद्याला निरोप द्यायला जमावं तशी.

ती आत आली. त्याच्याकडे न बघता तिने पोस्टर उलगडलं.

"वरची टोकं धरा."

त्याने मुकाट्याने धरली. आणि मग त्याला दिसलं. माळी होता, आजोबा होते, मूल होतं, सगळे जागच्या जागी होते. मधे खिडकीएवढं भोक होतं.

"झाड... झाड कुठे गेलं?"

"बाहेर उभं आहे," ती म्हणाली. "हे खिडकीभोवती लावायचंय. चिकटपट्टी द्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. मग जे हसू त्याच्या चेहऱ्यावर आलं, ते पाहून तिचा निम्मा राग उतरला. उरलेला तिने तत्त्वाखातर ठेवला.

पोस्टर बसलं. आता खिडकी उघडायची. कडी गंजलेली, झडपा रंगाने घट्ट चिकटलेल्या.

"जपून," तो सवयीने म्हणाला, "हळूह—"

"आज नको हळूहळू! जोरात!"

दोघांनी मिळून धक्का दिला. झडपा कर्रर्र करून बाहेर उघडल्या आणि ते दोघे जवळजवळ खिडकीबाहेर गेले. आधी धूळ आली. सगळे शिंकले. मग वास आला. लिंबाच्या फुलांचा, ओल्या मातीचा, कारण पहाटे एक सर येऊन गेली होती. फांदीवरून पाणी ठिबकत होतं. माळ्याने चित्रात धरलेल्या झारीचं तोंड नेमकं खऱ्या बुंध्याकडे होतं, आणि आजोबांचा उंचावलेला हात खऱ्या पानांपर्यंत पोचला होता.

एक चिमणी फांदीवर येऊन बसली आणि पेशंटांकडे बघू लागली.

दारात साहेब आणि समितीची मंडळी उभी होती.

कुणी काही बोलायच्या आत खुर्ची सरकली. आत्या उठली. वॉकर जागच्या जागी राहिला, आणि आत्या एकेक पाऊल टाकत खिडकीपर्यंत गेली, हात बाहेर काढला आणि एक पान बोटांत धरलं. तो धावला तिला आधार द्यायला, पण तिने कोपरानेच त्याला बाजूला सारलं.

"हे खरं आहे," ती म्हणाली. "कुंडीतलं नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं?" तो किंचाळला.

"शू! वर्ग चालू आहे."

साहेब पुढे आले. त्यांनी पोस्टर पाहिलं, भोक पाहिलं, भोकातलं झाड पाहिलं. नीटनेटका माणूस तो; त्यांचं तोंड जरा वाकडं झालं.

"चित्रातलं झाड सरळ होतं," ते म्हणाले. "हे वाकडं आहे."

"वाढतंय ना, साहेब," आत्या म्हणाली. "वाढणाऱ्यांचं तसंच असतं."

मागे एकेक खुर्ची सरकत होती. कुणी कुबडी घेऊन, कुणी भिंतीला धरून, सगळी खोली खिडकीकडे निघाली होती. समितीतल्या एका बाईंनी तर चिमणीकडे बघून हातसुद्धा हलवला.

"साहेब," गवंड्याने विचारलं, "विटा लावायला घेऊ का?"

साहेबांनी विटांकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग एक मोठा श्वास घेतला, आणि श्वास घेतल्यावर बहुधा तो लिंबाच्या फुलांचा निघाला.

"विटा... विटा बाहेर अंगणात न्या. झाडाखाली बाक बांधा एक. सरळ बांधा पण!"

एकच गलका झाला. त्या गलक्यात साहेब पोस्टर जवळून न्याहाळत होते. माळी, आजोबा, मूल, बाई. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"एक शंका आहे. या सगळ्यांचे कान सारखेच कसे?" ते म्हणाले, आणि हळूच मान वळवून त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाहिलं.

मग समितीने पाहिलं. मग पेशंटांनी. मग गवंड्यानेही.

त्याने दोन्ही हात कानांवर नेले. कान गरम लागत होते. त्याने पोस्टर पाहिलं, या वेळी गुडघे सोडून. मग तिला शोधलं. ती पोस्टरमागे लपायला बघत होती, पण पोस्टर भिंतीला चिकटलेलं होतं.

बाक बांधून सुकला त्या संध्याकाळी आत्याला घरी जायचं होतं. सामान बांधून झालं तरी आत्याला एकदम आठवलं की प्लास्टिकच्या झाडाचा निरोप घ्यायचा राहिला, आणि त्याला फार वेळ लागेल. "तुम्ही दोघं जाऊन तो बाक सरळ आहे का बघा," ती म्हणाली.

बाक सरळ होता. दोघे त्याच्या दोन टोकांना बसले.

"ते कान..." तो म्हणाला.

"चुकून आले."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना चुकून आले."

तो हसला. तिने पिशवीतून गुंडाळी काढली. पोस्टरमधून कापलेलं झाड होतं ते. "हे तुमच्यासाठी. घरी लावा. वाईट असतं तर बरं, असं तुम्ही म्हणाला होतात ना, ते."

"मी मूर्ख आहे."

"ते चित्रात दाखवता आलं नाही. फक्त कान दाखवले."

त्याने कागदाचा खालचा भाग मांडीवर उलगडला. झाडाखाली तिने एक छोटा बाक काढला होता, इतका छोटा की पोस्टरवर कुणाच्या लक्षात आला नव्हता. बाकावर एक माणूस बसला होता. कान ओळखीचे होते. शेजारची जागा रिकामी होती.

"इथे कुणीच नाही?" त्याने विचारलं.

"तिथे कोण, ते मी कसं ठरवणार..."

त्याने हात पुढे केला, तिच्या केसांतली पेन्सिल अलगद काढून घेतली आणि जीभ दातांत धरून, कागदावर वाकून, काढू लागला. बराच वेळ काढत होता. वरून एक लिंबाचं फूल कागदावर पडलं, ते त्याने फुंकर मारून बाजूला केलं.

तिने वाकून पाहिलं. डावीकडून, मग उजवीकडून.

"हा झाडू आहे का?"

"तू आहेस."

तिने पुन्हा पाहिलं. उलटा झाडू, त्याच्या केसांत आडवी एक रेघ. पेन्सिल असणार. आणि तो झाडू त्या मोठ्या कानांच्या माणसाला अगदी खेटून बसला होता.

"गुडघे चुकलेत," ती म्हणाली.

"शिकेन," तो म्हणाला. "हळूहळू."

बाकाच्या त्या टोकावरून ती सरकली, आणि मुळीच हळूहळू नाही.

वर कॉरिडॉरच्या खिडकीत आत्याने प्लास्टिकच्या कुंडीत उरलेलं पाणी ओतलं, पानावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "झालं हो तुझं काम."